घारीला हार

"विमान मी ओळखणार! आणि तुम्हा सगळ्यांच्या आधी ओळखणार!"

तेजश्रीनं हे वाक्य चिंचमळ्याच्या शाळेत भरलेल्या बैठकीत टाकलं आणि बैठकीतल्या सगळ्या बशा ओठांपाशीच थांबल्या. सरपंच तात्याबांचा चहा तर मिशीतच अडकला. पणदऱ्यापासून सायकलच्या अंतरावरच्या या वस्तीत आजवर कुणी आभाळाकडं बघून पाऊस ओळखत होतं, कुणी चालीवरून गाभण म्हैस ओळखत होतं, कुणी फटफटीच्या आवाजावरून कुणाचा जावई आला ते सांगत होतं. विमान ओळखणारं माणूस काही निघालं नव्हतं. आणि निघालं ते हे असं! कडेवर दात येणारी पोर, खांद्यावर त्या पोरीच्या लाळेचा ओला नकाशा, आणि हातात घड्याळाच्या जागी बाळाचं लाळेरं गुंडाळलेलं!

"तू?" तात्याबा म्हणाले. "अगं, आमाला हितनं रस्त्यावरच्या एसटीची पाटी वाचता येत न्हाय, आन् तू आभाळातलं इमान वळखणार?"

"एसटीला पाटी असते तात्या. विमानाचा आधी नुसता ठिपका असतो. आणि ठिपक्यातलं मला कळतं!"

आता ठिपक्याची ही विद्या तिला कुठं मिळाली, ते सांगायला हवं. शाळेला एका दानशूर मंडळानं संगणक दिला होता. तो ठेवायची नवी खोली बांधून झाली होती, पण खोलीला दार नव्हतं. दार बसेपर्यंत संगणक ठेवायचा कुठं? फरशी असलेलं, गळत नसलेलं आणि उंदरांनी अजून ताब्यात न घेतलेलं घर वस्तीत एकच निघालं, ते तेजश्रीचं. तिचा नवरा समाधान बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. तेजश्री स्वतः भवानीनगरच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली, लग्नाआधी तिथल्याच एका क्लासात संगणक शिकलेली. तिचा भाऊ संघपाल बारामतीत संगणक जोडून द्यायचं काम करायचा. तो आला, तारा जोडल्या, आणि जाता जाता "ताई, तुला विरंगुळा म्हणून" असं सांगत लढाऊ विमानांचा एक खेळ त्यात घालून गेला.

विरंगुळा कसला! दुपारी सासूबाई चतुराबाई वावरात गेल्या आणि लेकीचे, साऊचे, डोळे मिटले, की तेजश्री पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि थेट युद्धावर निघायची. हात कळफलकावर, पाय पाळण्यावर. आभाळ मोकळं असलं की पाळणा संथ चाले. शत्रू मागं लागला की साऊला एवढे झोके बसायचे की ती झोपेतच खुदकन हसायची. विमान जमिनीवर उतरताना पाळणाही हळूहळू थांबायचा. आणि विमान आपटलं, की साऊ रडत उठायची. त्यामुळं तेजश्रीनं विमान आपटणं लवकरच बंद केलं. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा उठलेलं बाळ जास्त भारी पडतं, हे ज्यांनी बाळ झोपवलंय त्यांना वेगळं सांगायला नको!

या खेळात शत्रू एकदम विमान होऊन समोर येत नाही. आधी पडद्यावर खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका उमटतो. तो सरकत असला तर आपल्या वाटेनं चाललाय, जाऊ द्या. पण जो ठिपका जागचा हलत नाही आणि नुसता फुगत जातो, तो थेट आपल्या अंगावर येत असतो. दारावर येणाऱ्या पाहुण्यांचं असंच असतं, हे तिला संसारात आधीच कळलेलं होतं. दोन महिन्यांत तिची नजर अशी तयार झाली की डाळीतला खडा दिसायच्या आधी तिचा हात त्यावर पडायचा.

"पोरीला हालवून हालवून ताक केलंस तिचं!" चतुराबाई म्हणायच्या. "आन् त्या डब्याफुडं बसून डोळं जातील, मग सुईत दोरा कोण ओवायचं?"

"आत्या, डोळे जात नाहीत, तयार होतात!"

तर असे डोळे तयार होते आणि तिकडं खोलीला दारही बसत आलं होतं. आता प्रश्न होता की त्या खोलीतल्या खुर्चीवर बसून पोरांना शिकवणार कोण. तात्याबांच्या मनात त्यांचा पुतण्या संभाजी होता. पुण्यात जाऊन त्यानं कसलासा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत घालून ओसरीत लावलं होतं. पण ती खुर्ची तेजश्रीला हवी होती. मनापासून हवी होती. लग्न झाल्यापासून ती समाधानची बायको होती, चतुराबाईंची सून होती, साऊची आई होती, आणि हे सगळं तिला आवडतही होतं. पण आपल्या नावानं कुणी हाक मारावी, आणि "बाई, हे कसं करायचं?" असं विचारावं, असं तिला वाटायचं. तसं तिनं बैठकीत सरळ सांगितलंही.

"आन् पोर रडायला लागली तर?" तात्याबांनी विचारलं.

"पोर रडली तर घेईन. संगणक अडला तर सोडवीन. संभाजीभाऊंना दोन्हीपैकी एक तरी जमतं का विचारा!"

संभाजी छताकडं बघू लागला.

उद्घाटनाला येणार होते विंग कमांडर बापूसाहेब. मूळचे इकडच्याच भागातले, हवाईदलातून निवृत्त झालेले, आता पुण्यात नव्या पोरांना विमान शिकवणारे. ते छोट्या विमानानं बारामतीच्या धावपट्टीवर उतरणार होते आणि तिथून जीपनं वस्तीवर येणार होते. पण त्याआधी शाळेवरून एक घिरटी घालून वरून फुलं टाकणार होते! त्यांचा निरोप एवढाच होता : 'वरून सगळीकडं ऊसच दिसतो. विमान दिसलं की शाळेच्या मैदानात धूर करा, म्हणजे चिंचमळा कुठला ते मला कळेल.'

धुराला काय तोटा! ऊसतोड चालू होती, वावरात पाचट पडलेलं होतं. पण पाचटाची एक खोड असते. ते पेटतं भडकून आणि विझतं लगेच, नव्या सरपंचाच्या उत्साहासारखं. लवकर पेटवलं तर विमान यायच्या आधी राख. उशिरा पेटवलं तर विमान इंदापूरच्या पुढं! म्हणजे विमान बरोब्बर वेळेत ओळखणारं कुणीतरी हवं होतं. आणि म्हणून तेजश्रीनं ते वाक्य टाकलं होतं.

"बरं," तात्याबा मिशी पुसत म्हणाले. "इमान वळखलंस तर खुर्ची तुझी. न्हाय वळखलंस तर संभाजीची. हाय कबूल?"

"हाय कबूल!" तेजश्री म्हणाली. साऊनं तिच्या वतीनं तात्याबांच्या उपरण्याला लाळ लावून करार पक्का केला.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानात पाचटाचे तीन ढीग लागले. एक पेटवायचा, आणि दोन आपले असू द्यावेत म्हणून. ढिगांपाशी काडेपेटी घेऊन संभाजी. झाडाखाली बँडवाले. झेंडूचा हातभर लांब हार घेऊन तात्याबा. आणि शाळेच्या गच्चीवर, कडेवर साऊला घेऊन, तेजश्री!

गच्चीवर चढून तिनं आभाळाकडं पाहिलं.

आभाळ फार मोठं होतं हो! खेळातलं आभाळ टेबलावर मावत होतं. हे तर भवानीनगरच्या धुराड्यापासून पार पुरंदरच्या डोंगरापर्यंत पसरलेलं. खेळातल्या सूर्याकडं डोळे रोखून बघता येत होतं, या सूर्यानं एका नजरेत डोळ्यांतून पाणी काढलं. खेळात एक बटण दाबलं की शत्रू जागच्या जागी थांबायचा आणि साऊचा लंगोट बदलता यायचा. इथं थांबायचं बटण नव्हतं, आणि लंगोट तर आत्ताच बदलायला झाला होता. त्यात साऊनं डोळ्यांवर आलेली बट पकडून चोखायला घेतली. शत्रूचा एकही वैमानिक असं करत नाही!

"काय दिसतंय का?" खालून तात्याबा.

"थांबा!"

"काय दिसतंय का?"

"तात्या, दर मिनिटाला विचारलंत तर दिसलेलंही पळून जाईल!"

आणि मग दिसलं. डाव्या अंगाला, नीरेच्या बाजूला, एक काळा ठिपका. हलत नव्हता. फुगत होता. सवयीनं तिच्या तोंडून खेळातली भाषा बाहेर पडली.

"ठिपका! दहा वाजता! दहा वाजता!"

तात्याबांनी घड्याळ पाहिलं. "अगं, साडेअकरा झालं की!"

"वेळ नव्हे हो, दिशा! डावीकडं बघा! डावीकडं! पेटवा!"

संभाजीनं काडी लावली. पाचट भडभड पेटलं. बँड सुरू झाला. सगळी वस्ती माना वर करून टाळ्या वाजवू लागली आणि तात्याबा तर आनंदानं उड्याच मारायला लागले.

"दिसलं! मला दिसलं! लाल पट्टा हाय बघा शेपटावर! आन् सायब हात हालवत्यात! आरं, तुमी बी हालवा की हात!"

वस्तीनं हात हलवले. ठिपका खाली आला, आणखी खाली आला, आणि त्याला चोच फुटली.

घार होती ती. रीतसर घार. पाचट पेटल्याबरोबर त्यातून एक उंदीर जीव घेऊन पळाला तो तात्याबांच्या दोन पायांमधून. त्या उंदरासाठी घारीनं जी झेप घेतली, ती तात्याबांच्या फेट्यावरूनच. तात्याबा "आयाया!" करून ओरडले, त्यांच्या हातातला हार उडाला, घारीच्या नख्यांत अडकला, आणि उंदीर राहिला बाजूला, घार हार घेऊन वर गेली! झेंडूच्या पाकळ्या गाळत, विजयी उमेदवारासारखी, ती उसावरून दिसेनाशी झाली. बँडवाल्यांना कुणी थांबा म्हटलंच नाही, त्यामुळं ती गेली तीही वाजतगाजत.

"वळखलं बरं का इमान!" संभाजी खालून ओरडला. "वयनी, आता चिमणी आली तर बाँब टाकीती का बघा!"

माणसं हसली. तेजश्रीचे कान तापले. पण ती गच्चीवरून उतरली नाही.

"अजून दोन ढीग आहेत!" तिनं वरूनच सुनावलं. "मी इथंच आहे!"

खरी पंचाईत पुढं होती. खेळात गोळीबार केला तर शत्रू कमी होतात. इथं धूर केला तर वाढत होते! कारण पाचटाचा धूर म्हणजे घारींच्या पंगतीची हाळी. पाचट पेटलं की उंदीर निघतात, टोळ निघतात, हे माळावरच्या एकूण एक घारीला ठाऊक. बघता बघता वर चार ठिपके झाले, मग सात, मग मोजायचंच सोडून दिलं. घारी पंख न हलवता अशा तरंगत होत्या की त्यातली कुठलीही विमान वाटावी. तेजश्री मात्र आता सावध झाली होती. घार, घार, हीपण घार, असं करत ती एकेक ठिपका डाळीतल्या खड्यासारखा बाजूला काढत राहिली.

आणि त्या सगळ्या ठिपक्यांच्यावर काहीतरी चकाकलं!

घार चकाकत नाही. चकाकते ती वैमानिकाच्या डोक्यावरची काच. खेळात याच चकाकीवर तिनं किती विमानं टिपली होती! ती चीज पांढरी होती, रुंद होती, आणि पंख अजिबात हलवत नव्हती.

"तात्या! आलं! या खेपेला नक्की!"

"व्हय व्हय! आलं!" तात्याबांना आधीच दिसलेलं होतं. "दोन पंखं हायेत! पेटीव रं संभ्या!"

दुसरा ढीग पेटला. बँड वाजला. हार नसल्यामुळं तात्याबांनी नुसतेच हात जोडले. पांढरं विमान डौलात एक वळण घेऊन, गिरकी खात, दुसरी गिरकी खात खाली आलं आणि बँडमास्तरच्या कर्ण्यात जाऊन बसलं. खताची प्लास्टिकची गोणी! पहिल्या आगीच्या झोतानं ती उचलली होती. कर्ण्यातून असा काही आवाज निघाला की बांधावरच्या म्हशीनं दावं तोडलं.

आता मात्र तात्याबा चिडले. म्हणजे विमान दोन्ही वेळा त्यांनाही दिसलं होतं, पण चिडायचा मान सरपंचाचा असतो.

"बास! पोरखेळ झाला! संभाजी, आता मी सांगितल्याबिगार काडी वढायची न्हाय! आन् तू खाली ये गं, खुर्चीचा इषय संपला!"

"विमान आलंय कुठं अजून? विमान आल्यावर विषय संपेल!"

"खाली ये!"

"नाही येत!"

साऊनंही "न्ना!" केलं. तो तिचा त्या आठवड्यात नवीन शिकलेला शब्द होता.

संभाजीनं तेवढ्यात आणखी एक शहाणपणा केला. पाचट लवकर जळून जातं, थोडं भिजवलं की धूर दाट होतो, हे त्यानं ऐकलं होतं. थोडं म्हणजे किती, ते ऐकलं नव्हतं. त्यानं तिसऱ्या ढिगावर पाण्याचं अख्खं पिंप ओतलं. आणि इकडं दुसऱ्या ढिगातलं एक जळकं पान वाऱ्यावर उडालं, कुंपणावरून गेलं, आणि तेजश्रीच्याच घरामागं, चतुराबाईंनी अख्ख्या उन्हाळ्याची बेगमी म्हणून रचलेल्या गोवऱ्यांच्या उडव्यावर अलगद जाऊन बसलं. ते कुणीच पाहिलं नाही. सगळे जण तेजश्रीकडं बघत होते, आणि तेजश्री आभाळाकडं.

आधी आवाज आला. बारीक घरघर, लांबच्या गिरणीसारखी. खेळात तिला फक्त स्वतःच्या इंजिनाचा आवाज यायचा, त्यामुळं या आवाजाचं काय करायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं आवाजाकडं पाहिलं. काही नाही. आवाज इथं आणि विमान भलतीकडंच! मग तिनं कानांवरचा भरवसा सोडला आणि डोळे बारीक करून, रोज दुपारी बघायची तसं, ठिपक्याकडं न बघता ठिपक्याच्या शेजारी पाहिलं. घारी गोल फिरत होत्या. गोणी तर कर्ण्यातच होती. आणि त्या सगळ्यांच्या मागं एक खसखशीचा दाणा होता. तो फिरत नव्हता. चकाकत नव्हता. जागचा हलतही नव्हता. नुसता फुगत होता.

"आलं!" ती एवढ्यानं ओरडली की साऊचे हात दचकून वर गेले. "हेच! हेच! पेटवा!"

खाली हशा पिकला.

"कितवं?" संभाजी म्हणाला.

"अहो, खरंच आलं! आवाज ऐका!"

"म्हस आरडतीया ती!" तात्याबा म्हणाले आणि पाठ फिरवून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना विमान दिसलं नाही.

विमान बाभळीच्या शेंड्यावर आलं तेव्हा सगळ्यांना दिसलं. मग जी धांदल उडाली ती काय सांगावी! संभाजीनं काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. भिजलेल्या ढिगानं फुस्स करून एक बुडबुडा सोडला आणि तो गप्प झाला. बँडमास्तर कर्ण्यातून गोणी उपसत होता. तात्याबा धोतर सावरत मैदानभर धावत "हितं! हितं! सायब, हितं!" असं विमानाला सांगत होते. विमान मैदानावरून सरळ निघून गेलं.

आणि वळलं! कारण बापूसाहेबांना धूर दिसला होता. दाट, पांढरा, धट्टाकट्टा धूर. फक्त तो शाळेचा नव्हता, चतुराबाईंच्या उडव्याचा होता!

विमानानं तेजश्रीच्या परसावर डौलदार घिरटी घातली आणि टोपलीभर गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. खाली चतुराबाई पाण्याची बादली घेऊन उडवा विझवत होत्या. डोक्यावर अचानक गुलाब पडले तशा त्या कमरेवर हात ठेवून वर बघत गरजल्या.

"फुलं काय टाकतोस मुडद्या! पानी टाक की पानी!"

बापूसाहेब जीपनं शाळेत पोचले तेव्हा तात्याबांनी घाईघाईनं तिसरीच गोष्ट सुरू केली. "या सायब! हा आमचा संभाजी. हाच आता पोरास्नी संगणक शिकवणार. इमान वळखायचं काम आमी चुकून एका लेकुरवाळ्या बाईला दिल्तं. तिनं घारीला इमान म्हटलं वो!"

तेजश्री जिन्यावरून खाली येत होती. केस विस्कटलेले, डोळे लाल, कडेवर साऊ. मागं सरून उभं राहावं असा तो क्षण होता. ती पुढं आली.

"म्हटलं," ती म्हणाली. "दोनदा म्हटलं. पण तात्या, मी ठिपका दिसला म्हणाले होते. लाल पट्टा तुम्हाला दिसला. साहेबांचा हात तुम्हाला दिसला. गोणीचे दोन पंख तुम्ही मोजलेत. आणि घारीला हार घातला तोही तुम्हीच, मी नाही! तिसऱ्या वेळेला विमान होतं तेव्हा मी विमानच म्हटलं. त्या वेळी तुम्ही म्हशीचं नाव घेतलंत! कबूल काय होतं? विमान ओळखलं तर खुर्ची माझी. मी ओळखलंय. काडी पेटली नाही ती संभाजीभाऊंची!"

तात्याबांनी मदतीसाठी संभाजीकडं पाहिलं. संभाजी भिजक्या ढिगाकडं बघत होता.

बापूसाहेब मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. "हार घातलेली घार होती म्हणजे खरंच?" त्यांनी हळूच विचारलं. "उतरताना माझ्या शेजारून गेली. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, डोळे गेले म्हणून लायसन्स काढून घेतील!"

सगळी वस्ती खो खो हसली.

"बरं बाई," बापूसाहेब तेजश्रीला म्हणाले, "ही ठिपक्यांची विद्या शिकलात कुठं? दाखवा की मला."

फीत कापली. जेमतेम सकाळीच तेजश्रीच्या घरून आणून ठेवलेला संगणक सुरू झाला. खोलीत माणूस माणसावर चढलं. बापूसाहेबांनी चष्मा चढवला, बाह्या सारल्या आणि आयुष्यभर खरी विमानं उडवलेला तो माणूस पडद्यासमोर बसला.

"शत्रू कुठाय?"

"तो काय सर, वर उजवीकडं."

"कुठं?"

"तो ठिपका!"

"मला तर काहीच दिसत नाही! अहो, खऱ्या आभाळात बरं असतं, मान वळवली की आभाळ वळतं. हे खिडकीतून वरात बघितल्यासारखं झालं... हां! दिसला! दिसला!"

बापूसाहेबांनी झेप घेतली. गोळ्यांचा पाऊस पाडला. ठिपका हलेना. ते वळले, ठिपका तिथंच. सूर मारला, ठिपका तिथंच. घामाघूम झाले, सगळ्या गोळ्या संपवल्या, त्या ठिपक्यामागं खाली, आणखी खाली गेले, आणि धाडकन जमिनीवर आपटले. पडदा लाल झाला. ठिपका होता तिथंच होता.

तेजश्री पुढं वाकली. तिनं पदराच्या टोकानं पडदा पुसला.

"खिमट आहे सर," ती म्हणाली. "सकाळी भरवताना साऊनं फुर्र केलं असणार."

बापूसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. पडद्याकडं पाहिलं, साऊकडं पाहिलं. साऊनं त्यांना आपले दोन्ही दात दाखवले.

"सरपंच," ते गंभीरपणे म्हणाले, "मला हे शिकायचं झालं तर कुणाकडं यावं लागेल?"

तात्याबांचा हात आपोआप तेजश्रीकडं गेला. गेल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. पण सगळ्या वस्तीसमोर वर केलेला हात सरपंचाला खाली घेता येतो का? त्यांनी त्याच हातानं मग खुर्ची पुढं ओढली. "बसा, बाई," ते म्हणाले. आणि तेजश्री साऊला मांडीवर घेऊन, पाठ ताठ करून, त्या खुर्चीवर बसली.

त्या संध्याकाळी चिंचमळ्याच्या नव्या संगणकबाई परसात कोपरापर्यंत शेणात हात घालून गोवऱ्या थापत होत्या. चतुराबाईंनी सांगितलं होतं, "बाई झालीस, लई ग्वाड वाटलं. माज्या पोटात मावंना. पर उडवा तुज्याच इमानापायी जळला, तवा थाप आता!" समाधान कारखान्यातून नुकताच आला होता आणि साऊला खांद्यावर घेऊन बायकोच्या पराक्रमाची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकत होता.

"पण मग नेमकं ओळखायचं कसं?" त्यानं विचारलं.

"सोपं आहे हो!" तेजश्री शेणाचा गोळा भिंतीवर आपटत म्हणाली. "आज शिकले ते आता जन्मात विसरणार नाही. कितीही तरंगू दे, कितीही फसवू दे, शेवटी पंख हलवले की ती घार. विमान पंख हलवत नाही. उद्या पोरांना पहिल्या तासाला हेच सांगणार आहे!"

वर घरघर झाली. दिवस बुडायच्या आत पुण्याला पोचायचं म्हणून बापूसाहेब निघाले होते. विमान परसावर आलं आणि वाकलं. डावा पंख खाली, उजवा वर. उजवा खाली, डावा वर. हवाईदलातली माणसं आपल्या माणसाला अशीच सलामी देतात. अख्खी वस्ती घरांतून बाहेर आली. समाधान तोंड उघडं टाकून बघत राहिला. साऊनं टाळ्या पिटल्या.

"अगं बया!" चतुराबाई ओरडल्या. "बघ की वर! पंखं हालवतंय तुला!"

"हलवतंय ना?" तेजश्रीनं मान वर न करता पुढचा गोळा उचलला. "मग घारच ती! मी नाही बघत जा!"